आईचा पंप, स्पेसर आणि माझा पंचा

आईला दम्यासाठी पंप सुरू होऊन वर्ष झालं होतं, तरी सिंहगड रस्त्याच्या धुळीत खोकला हटत नव्हता. बटण दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळ तिला जमेना. अर्धं औषध जिभेवर. डॉक्टरांनी स्पेसर दिला, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी; औषध आधी तिच्यात जातं, मग तिथून सावकाश ओढता येतं. 'हे काय नळकांडं,' म्हणून ती आठवडाभर रुसलीच.

पहिले काही दिवस बरे गेले, मग पुन्हा घरघर. चूक माझी निघाली. मी रोज स्पेसर धुऊन पंच्याने आतून लख्ख पुसत होतो. प्लास्टिक घासलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि औषधाचे कण छातीत जाण्याऐवजी भिंतीलाच चिकटतात! आता आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवतो, न पुसता जाळीवर निथळत ठेवतो.

दुसरी गफलत म्हणजे ती दोन्ही पफ एकदम मारायची. आता पंप हलवायचा, एकच पफ, लगेच सावकाश श्वास आत, जमेल तितका, १० सेकंदांपर्यंत रोखायचा. दुसऱ्या पफआधी अर्धा मिनिट थांबून पुन्हा हलवायचा. जोरात ओढलं की आमचा स्पेसर शिट्टी वाजवतो, नात लगेच ओरडते, "आजी, हळू!"

तिच्या पंपात स्टेरॉइड आहे, म्हणून नंतर चूळ भरणं आलंच, नाहीतर तोंड येतं. परवा ती न थांबता पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या चढली. उरलेल्या निम्म्यांवर मीच धापा टाकत होतो.