मेंदू कॉम्प्युटर आहे का? सायकॉलॉजीवाल्यांनो, या चुका टाळा

कॉग्निटिव्हच्या पेपरला नाहीतर व्हायव्हाला हा प्रश्न कुठून ना कुठून येतोच, आणि उत्तरं पण ठरलेली. एक गट म्हणतो मेंदू हार्डवेअर, मन सॉफ्टवेअर. दुसरा म्हणतो छे, माणसाला भावना असतात. मार्क मिळतीलही, पण कॉम्प्युटेशन म्हणजे काय हे दोघांनीही बघितलेलं नसतं.

पहिली चूक तीच, कॉम्प्युटर म्हटलं की लॅपटॉपच धरायचा. कॉम्प्युटेशनची व्याख्या देणाऱ्या गणितज्ञ ट्युरिंगच्या 1936 च्या पेपरमधे ना चिप ना स्क्रीन, त्याने कागद-पेन्सिल घेऊन ठरलेल्या नियमांनी आकडेमोड करणारा माणूस डोळ्यापुढे ठेवला होता. त्यामुळे मेंदूत वेगळी रॅम नाही, सुमारे 86 अब्ज न्यूरॉन्स जेमतेम 20 वॉटवर चालतात, हे सगळं खरं असलं तरी मेंदू कॉम्प्युट करत नाही असं त्यातून निघत नाही.

दुसरी चूक, अ‍ॅटकिन्सन-शिफ्रिनच्या 1968 च्या स्मृतीच्या मॉडेलमधले डबे (सेन्सरी, शॉर्ट-टर्म, लाँग-टर्म) पाठ करून ते मेंदूत शोधायचे. आठवण फाइलसारखी जशीच्या तशी उघडत नाही, लॉफ्टस आणि पामरच्या 1974 च्या प्रयोगात अ‍ॅक्सिडेंटबद्दलच्या प्रश्नातलं नुसतं क्रियापद बदललं तर लोकांनी सांगितलेला गाडीचा स्पीड बदलला. पण यावरून फक्त फाइलवाली कल्पना पडते हं, मेंदू कॉम्प्युट करत नाही असं ठरत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. एफएमआरआयमधे, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या स्कॅनमधे, एक भाग उजळला की "यंत्रणा सापडली" म्हणून मोकळं व्हायचं. डेव्हिड मार हा न्यूरोसायंटिस्ट केव्हाच सांगून गेलाय की काय काम चाललंय आणि कशासाठी, कुठल्या पद्धतीने, आणि कशावर, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जोनास आणि कोर्डिंगने 2017 मधे भारी काम केलं, 6502 नावाच्या जुन्या चिपचं सिम्युलेशन घेतलं, त्यावर डाँकी काँगसारखे गेम चालवले आणि न्यूरोसायन्सच्याच पद्धती लावल्या, म्हणजे एकेक ट्रान्झिस्टर बंद करून बघितला. काही ट्रान्झिस्टर बंद केले तर एकच गेम बंद पडायचा! मग काय, डाँकी काँगचा ट्रान्झिस्टर सापडला म्हणायचं? चिपचा अख्खा नकाशा हातात असूनही ती माहिती कशी प्रोसेस करते हे त्या पद्धतींनी कळलं नाही. लीजनचा, म्हणजे मेंदूचा एखादा भाग निकामी झाल्यावर काय बिघडतं याचा, चॅप्टर वाचताना हे लक्षात ठेवा.

आणि हे सगळं नीट कळायला लागणाऱ्या ट्रेनिंगचं म्हणाल तर एसपीएसएस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमधे बटणं दाबणं म्हणजे फॉर्मल ट्रेनिंग नाही. प्रोबॅबिलिटी, थोडं लॉजिक, थोडं पायथन किंवा आर एवढं तरी हवंच. तेही जमत नसेल तर रेस्कोर्ला-वॅगनरचं 1972 चं शिकण्याचं मॉडेल (खुणेवरून बक्षिसाची अपेक्षा कशी वाढते ते) एक्सेलमधे टाका. सुरुवातीची अपेक्षा 0, बक्षीस 1, लर्निंग रेट 0.2, दर वेळी अपेक्षा आणि बक्षीस यातल्या फरकाचा पाचवा हिस्सा अपेक्षेत मिळवायचा. 0.2, 0.36, 0.488 असे आकडे आले पाहिजेत. 0.2, 0.4, 0.6 आले तर फरक दर वेळी नव्याने काढलेला नाही.

मग ब्लॉकिंग करून बघा, म्हणजे आधी शिकलेली खूण नव्या खुणेचं शिकणं अडवते ते. आधी नुसत्या लाइटवर आकडा 1 च्या जवळ न्या आणि नंतर लाइट-घंटा एकत्र द्या. घंटेचा आकडा शून्याजवळच राहायला हवा. तोही 1 कडे चढायला लागला तर फॉर्म्युला तपासा, बक्षिसातून एकट्या घंटेची अपेक्षा वजा केली असणार, वजा करायची असते दोघांची बेरीज.