ड्रम कोअर आटतंय का? आधी वयांचा तक्ता मांडा

अमेरिकेत युवा ड्रम कोअर, म्हणजे ब्रास, ढोल आणि झेंडे घेऊन मैदानावर संचलन करणारे संघ, एके काळी चर्च आणि माजी सैनिकांच्या संघटनांच्या आधारावर गावोगावी उभे होते. 1972 पासून ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेच्या स्पर्धांनी दर्जा वाढवला. दौरे लांबले, खर्चही फुगला. छोटे कोअर आधी गेले, आणि त्यांच्याबरोबर नवशिक्यांची शाळाही.

म्हणून ब्रास (पितळी फुंकवाद्यं), बॅटरी (चालत वाजवले जाणारे ढोल), फ्रंट एन्सेम्बल (मैदानाच्या पुढे एका जागी मांडलेली तालवाद्यं) आणि कलर गार्ड (झेंडे फिरवणारे), प्रत्येक विभागातल्या मुलांची वयं वेगवेगळी लिहा. वयोमर्यादा बाविशीच्या आसपास संपते. निम्मे सदस्य 19 च्या पुढचे असतील, तर तीन वर्षांत निम्मा संघ रिकामा होणार. 15 च्या आतलं कुणीच नसेल, तर यंदाच कॅडेट गट, म्हणजे लहान नवशिक्यांचा गट, सुरू करा: सोपं संगीत, उसनी वाद्यं, फक्त शनिवार-रविवार.

पैशांचा खड्डा भरायला सदस्यांचं शुल्क वाढवू नका. बसभाडं 50 मुलांना तेवढंच, 30 मुलांनाही तेवढंच. दहा गळाले की उरलेल्यांचा वाटा आणखी चढतो. दौऱ्याचे मुक्काम कापा, शिक्षक नव्हे.

दोन कोअरचं विलीनीकरण? मैदान भरलेलं दिसतं खरं, पण दोन्हीकडे लहान मुलं नसतील तर तक्ता तोच राहतो.