१०० ते १००० यार्ड: एफ-टीआरसाठी रायफल झीरो करताना

एनसीसीत ज्यांनी .२२ हाताळली आहे त्यांना २५ यार्डांवरचं ग्रुपिंग आठवत असेल. आधी गोळ्या एकत्र आणायच्या, मग तो घोळका मध्यावर न्यायचा. १००० यार्डांवरही क्रम हाच आहे. फरक इतकाच, की जवळ खपून जाणारी चूक तिथे टार्गेटबाहेर जाते. इंग्लंड, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियातल्या क्लबात एफ-क्लास (टेकवलेल्या रायफलने, स्कोप लावून लांबवर केलेली नेमबाजी) खेळू लागलेल्यांसाठी रायफल झीरो करण्याची, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणण्याची, ही पद्धत आहे. रायफल .३०८ विंचेस्टर, गोळी १७५ ग्रेनची, स्कोपच्या टरेटची (नेम हलवायच्या चकतीची) एक क्लिक पाव मिनिटाची असं धरलं आहे. मिनिट म्हणजे इथे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग. एफ-क्लासच्या एफ-टीआर गटात .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ एवढीच काडतुसं चालतात, आणि बायपॉड (रायफलचा पुढचा दुपायी टेकू) व स्कोपसकट वजन ८.२५ किलोच्या आत लागतं.

गोळी झाडण्याआधी

सुरुवात स्क्रूंपासून. टॉर्क पान्याशिवाय काम करू नका. स्कोपच्या रिंगांचे वरचे स्क्रू साधारण २ न्यूटन-मीटर, दस्त्याला अ‍ॅक्शन धरणारे ५ ते ७ न्यूटन-मीटर. कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. 'स्कोप खराब आहे' म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ सैल स्क्रूत निघतं.

मग रेल, म्हणजे स्कोप ज्यावर बसतो ती पट्टी, पाहा. या गोळीला १०० यार्डांच्या झीरोवरून १००० यार्डांवर जायला सुमारे ३८ मिनिटं उंची लागते. स्कोपचा एकूण प्रवास ६० मिनिटांचा असेल तर मध्यापासून वर जेमतेम ३० मिळतात, म्हणजे टरेट अडणार. २० मिनिटांचा उतार असलेली रेल बसवली की वर सुमारे ५० मिनिटं हाताशी येतात. ही खरेदी पुढे ढकलू नका.

क्रॉसहेअरची उभी रेघ ओळंब्याला लावायची. १०० यार्डांवर ओळंबा टांगा, रेघ दोरीवर आणा, आणि त्या स्थितीत स्कोपच्या नळीवर बुडबुड्याची लेव्हल घट्ट बसवा. रायफल एक अंश जरी कलली तरी १००० यार्डांवर गोळी आडवी १७-१८ सेंटीमीटर सरकते. १०० यार्डांवर याचा मागमूसही लागत नाही, म्हणून लोक नंतर वाऱ्याला दोष देत बसतात.

डोळ्याकडची काच आधी जुळवा: मोकळ्या आकाशाकडे क्षणभर पाहा, क्रॉसहेअर लगेच काळी कुळकुळीत दिसली पाहिजे. जास्त वेळ टक लावलीत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. त्यानंतर पॅरलॅक्स, म्हणजे डोकं हललं की नेम सरकल्याचा भास. डोकं किंचित वर-खाली हलवा. क्रॉसहेअर टार्गेटवर पोहत असेल तर बाजूची चकती ती थांबेपर्यंत फिरवा. चकतीवर छापलेल्या अंतरावर भरवसा नको. प्रत्येक अंतरावर हे नव्याने करायचं.

१०० यार्ड

बोल्ट काढा, रायफल बॅगांवर स्थिर ठेवा आणि नळीतून टार्गेट पाहा. ते नळीच्या मधोमध असताना रायफल न हलवता क्रॉसहेअर तिथे आणा. एवढं केलं की पहिली गोळी बहुधा कागदावर बसते. कागद मात्र मोठा लावा.

साफ केलेल्या नळीतल्या पहिल्या तीन ते पाच गोळ्या हिशेबात धरू नका. नंतर पाचांचा ग्रुप, सावकाश, नळी तापू न देता. एका गोळीवर क्लिक फिरवण्याचा मोह आवरा. तीन गोळ्यांचा ग्रुपही फसवा असतो, शक्य असेल तर पाच-पाचचे दोन घ्या. बाहेर गेलेली गोळी 'चाप झटकला' असं झाडतानाच म्हणाला असाल तर सोडा, एरवी मोजा.

आता हिशेब. १०० यार्डांवर एक मिनिट म्हणजे २६.६ मिलिमीटर. ग्रुपचा मध्य ६० मिमी खाली आणि ३३ मिमी उजवीकडे असेल तर २.२५ मिनिटं वर, म्हणजे ९ क्लिक, आणि सव्वा मिनिट डावीकडे, म्हणजे ५ क्लिक. टरेटवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते दाखवतो, क्रॉसहेअर नव्हे. पुन्हा पाच झाडा. मध्य पाव मिनिटाच्या आत आला की टरेटचे स्क्रू सैल करून आकडा शून्यावर आणा आणि झीरो-स्टॉप (टरेटला आणखी खाली जाऊ न देणारा अडसर) त्याच्या थोडा खाली लावा.

हे काम शांत हवेत, शक्यतो सकाळी करा. आडवा झीरो वाऱ्यात घेतला तर तो वारा स्कोपमध्ये कायमचा मुक्कामाला येतो. १००० यार्डांवर ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा या गोळीला सुमारे ९ मिनिटं, म्हणजे सव्वादोन मीटरहून जास्त ढकलतो. त्यावर उजव्या पिळाच्या नळीतून निघालेली गोळी स्वतःच्या फिरकीने उजवीकडे सरकते, ते जवळपास एक मिनिट. दोन्ही त्या-त्या वेळी विंडेजवर, म्हणजे आडव्या टरेटवर, घ्यायचे असतात. झीरोला हात लावायचा नाही.

उंच टार्गेट

टरेट सांगतो तेवढाच चालतो का, हे तपासण्याचा हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नंतर महिनोन्‌महिने आकडेमोड करत बसतात. मीटरभर उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ मारा. अंतर टेपने मोजून बरोबर १०० यार्ड, म्हणजे ९१.४४ मीटर ठेवा. खालच्या बिंदूवर नेम धरून ग्रुप झाडा. मग टरेट ३० मिनिटं वर फिरवा आणि नेम त्याच बिंदूवर ठेवून दुसरा ग्रुप घ्या. दोन मध्यांमधलं अंतर ७९८ मिमी यायला हवं. ७८० आलं तर तुमचा स्कोप सांगतो त्यापेक्षा कमी चालतो, आणि यापुढे प्रत्येक आकड्याला १.०२३ ने गुणायचं. ते केलं नाही तर १००० यार्डांवर गोळी सुमारे २३ सेंटीमीटर खाली जाईल. अमेरिकी एफ-क्लास टार्गेटवर तिथे दहाचं वर्तुळ १० इंच व्यासाचं असतं, म्हणजे मध्यापासून जेमतेम १३ सेंटीमीटर. दुसरा ग्रुप रेघेवरून बाजूला सरकला असेल तर स्कोप तिरका बसला आहे. शेवटी टरेट शून्यावर आणून एक ग्रुप पुन्हा झाडा. तो जुन्या जागी पडला नाही तर स्कोप परत पाठवा.

लांबची अंतरं

क्रोनोग्राफवर किमान दहा गोळ्यांचा वेग घ्या आणि बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये भरा. सोबत स्कोपची नळीपासून उंची, तापमान आणि हवेचा दाब. इथे नेहमीची चूक म्हणजे हवामान खात्याचा, समुद्रसपाटीला आणलेला दाब भरणं. रेंजवर प्रत्यक्ष असलेला दाब हवा. न्यू मेक्सिकोतल्या रॅटनची रेंज सुमारे २००० मीटर उंचीवर आहे. तिथे विरळ हवेमुळे १००० यार्डांना समुद्रसपाटीपेक्षा काही मिनिटं कमी लागतात.

समुद्रसपाटीच्या आसपास, वेग २६०० फूट प्रति सेकंद असताना, १०० च्या झीरोवरून साधारण एवढं लागतं: ३०० यार्डांना ५ मिनिटं, ६०० ला १६, ९०० ला ३१ ते ३२, १००० ला ३८. हे पहिली गोळी टार्गेटवर पडावी यासाठी. खरे आकडे तुमची रायफलच देईल.

एकदम १००० वर जाऊ नका. आधी ३००, मग ६००. इंग्लंडात बिस्लीला सेंच्युरी रेंजवर ६०० यार्डांपर्यंत झाडता येतं, त्यापुढे स्टिकलडाउन. प्रत्येक ठिकाणी पॅरलॅक्स, लेव्हल, आकडा या क्रमाने जा, आणि पाच गोळ्यांच्या मध्यावरून खरी उंची वहीत लिहा. अ‍ॅपचा आकडा आणि खरा आकडा यांतला फरक मिनिटांत मांडला की दोष कुठे आहे ते दिसतं. फरक सगळीकडे सारखाच, समजा पाव मिनिट, राहत असेल तर १०० यार्डांचा झीरो चुकला आहे. अंतराबरोबर वाढत असेल तर एकतर स्कोप कमी-जास्त चालतो किंवा वेगाचा आकडा चुकला आहे. या दोन चुका कागदावर जवळजवळ सारख्याच दिसतात. उंच टार्गेट आधी झालेलं असेल तर स्कोपवरचा संशय मिटलेला असतो आणि वेगाचा आकडा निर्धास्तपणे दुरुस्त करता येतो. 

मध्य बरोबर पण ग्रुप उभा ताणलेला असेल तर टरेटशी खेळू नका. वेगात २० फूट प्रति सेकंदाचा फरक १००० यार्डांवर साधारण १५ ते २० सेंटीमीटर वर-खाली देतो. कारण काडतुसात शोधा, नाहीतर बायपॉडखाली: कठीण जमिनीवर तो उडतो, त्याखाली चटई घाला आणि मागची बॅग प्रत्येक वेळी सारखीच दाबा.

टरेटचा पूर्ण फेरा चुकणं हा अनुभवी लोकांनाही नडणारा प्रकार. अंतर बदललं की टरेट खाली स्टॉपपर्यंत न्यायचा, मग शून्यावर आणायचा आणि तिथून मोजत वर जायचं. '१' दिसतो आहे, पण पहिल्या फेऱ्यातला की तिसऱ्या, हे आठवणीवर सोडू नये.

गोळीची निवड १००० यार्डांवर अंगावर येते. ३०० मीटरसाठी घडवलेली प्रसिद्ध १६८ ग्रेनची मॅच गोळी ६०० वर सुरेख चालते, पण ध्वनीच्या वेगाजवळ उतरताना डगमगते, आणि टार्गेटवर कधीकधी आडवी भोकं दिसतात. असं भोक दिसलं तर झीरो शोधत बसू नका, गोळी बदला. गोळी किंवा दारूचा लॉट बदलला तर १०० यार्डांचा ग्रुप आणि क्रोनोग्राफ हे दोन्ही पुन्हा, उंच टार्गेट मात्र स्कोप बदलल्यावरच.