आपल्या दाव्याचा रोजनामा स्वतः कसा वाचावा

आमच्या विधी महाविद्यालयाच्या सहाय्य केंद्रात कुणी पक्षकार आला की मी आधी एकच विचारते, "मागच्या तारखेला काय झालं?" उत्तर ठरलेलं असतं, "पुढची तारीख पडली." कुणी मागितली, कशासाठी मागितली, न्यायाधीशांनी काय लिहिलं, यातलं काहीच माहीत नसतं. दावा आजोबांच्या जमिनीचा, फी भरतोय नातू, आणि दाव्याची हकीकत मात्र फक्त वकिलांच्या डोक्यात. ही हकीकत रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहिलेली असते आणि फोनवर फुकट वाचता येते.

त्यासाठी ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे ॲप घ्या किंवा त्याच नावाचं संकेतस्थळ उघडा. लागतो तो सीएनआर क्रमांक, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक. तो 16 अक्षरांचा असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, म्हणजे आपल्याकडे एम आणि एच. पुढची दोन जिल्ह्याची. पुण्यासाठी पी आणि यू. मग दोन आकडे न्यायालयाचे, सहा अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. मध्ये रेघा छापलेल्या असल्या तरी टाकताना त्या गाळायच्या. वकिलांकडे मागितलात तर मिनिटात मिळेल. मागायला संकोच करू नका, क्रमांक तुमच्याच दाव्याचा आहे.

क्रमांक नसेल तर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. बहुतेक लोक इथेच अडतात. नाव बहुधा इंग्रजी अक्षरांत नोंदलेलं असतं आणि ज्याने नोंदलं त्याच्या कानाला जसं लागलं तसं. गायकवाडमध्ये एखादं 'ए' जास्त, विश्वनाथमध्ये 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू'. म्हणून पूर्ण नाव टाकू नका, आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाका. प्रलंबित आणि निकाली, दोन्ही प्रकार तपासा. जुन्या दाव्यात मूळ वादी वारलेला असेल तर त्याच्याही नावाने बघा. तहसीलदार किंवा प्रांतांकडची फेरफाराची प्रकरणं मात्र इथे सापडणार नाहीत, ती महसूल खात्याची.

दावा सापडला की वरती पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. तेवढं पाहून फोन ठेवू नका. खाली सरकत जा, आजवरच्या तारखांचा तक्ता येतो. त्यातल्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीचं कामकाज उघडतं. हाच रोजनामा.

नोंदी दोन-तीन ओळींच्या असतात, पण प्रत्येक शब्दाला वजन असतं. "पी. ओ. ऑन लीव्ह" म्हणजे न्यायाधीश रजेवर होते, कुणाचाच दोष नाही. "से ऑफ अदर साइड कॉल्ड" म्हणजे अर्जावर समोरच्याचं म्हणणं मागवलंय. तो समोरचा तुम्ही असाल तर म्हणणं दाखल झालं का ते पुढच्या तारखेआधी विचारा. 'एक्झिबिट' म्हणजे निशाणी, दाव्यातल्या कागदाला न्यायालयाने दिलेला क्रमांक. तात्पुरत्या मनाईचा अर्ज आपल्याकडे बहुतेक वेळा निशाणी 5 ला असतो, त्यामुळे "ऑर्डर बिलो एक्झिबिट 5" दिसलं की तो आदेश त्याच दिवशी उघडून वाचा. "ॲडजर्नमेंट अलाउड सब्जेक्ट टू कॉस्ट" म्हणजे दंड भरण्याच्या अटीवर मुदत मिळाली. मुदत तुमच्या बाजूने मागितली असेल तर दंड भरला का, ते पाहा.

"लास्ट चान्स" हे शब्द दिसले तर त्या दिवशी कामधंदा सोडून वकिलांना भेटा. त्यानंतर "एव्हिडन्स क्लोज्ड" अशी नोंद येऊ शकते, म्हणजे तुमचा पुरावा बंद. "नो डब्ल्यूएस" म्हणजे कैफियतीविना, प्रतिवादीच्या लेखी उत्तराविना, दावा पुढे गेला. कैफियतीला समन्स मिळाल्यापासून 30 दिवस असतात, न्यायालय 90 पर्यंत वाढवू शकतं. त्यापुढेही साध्या दिवाणी दाव्यात सबळ कारण दाखवून परवानगी मागता येते, पण मागावी लागते. "डिसमिस्ड इन डिफॉल्ट" म्हणजे गैरहजेरीमुळे दावा काढून टाकला. तो पुन्हा दाखल करून घेण्याच्या अर्जाला 30 दिवस आहेत. एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करण्याच्या अर्जालाही 30 दिवस, आणि समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून.

एका आजींच्या वाटपाच्या दाव्यात तीन तारखा ओळीने एकच नोंद होती, "वादी व वकील गैरहजर." आजी त्या तिन्ही दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात बसून होत्या. पुकारा झाला तेव्हा त्यांना ऐकूच आलं नव्हतं. नोंद दिसली म्हणून चौथ्या तारखेला त्यांची नात दारातच उभी राहिली.

न्यायालयाच्या पारदर्शकतेवर अभ्यासक बरंच लिहितात. खुल्या न्यायालयाबद्दलचा 1966 चा मिरजकर खटला मी वर्गात शिकवते, तसाच न्यायालयाच्या थेट प्रक्षेपणाला मान्यता देणारा 2018 चा स्वप्नील त्रिपाठी निकालही. दोन्ही महत्त्वाचेच. पण मोठ्या खटल्याचं प्रक्षेपण पाहणाऱ्यांपेक्षा तालुक्याच्या न्यायालयात तारखा मोजणारे कितीतरी जास्त. त्यांच्यासाठी खुलं न्यायालय म्हणजे त्यांच्या दाव्याची ती तीन ओळींची नोंद, आणि ती बहुधा इंग्रजीत असते ही माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर झाले. रोजनामा मराठीत दिसण्याइतकं गरजेचं काम त्यात दुसरं नाही.

संकेतस्थळावरची प्रत वाचण्यापुरती. अपिलासाठी प्रमाणित नक्कल लागते. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील करायला 30 दिवस असतात, त्यातून नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात. अर्ज करायला तुम्ही लावलेले दिवस मात्र होत नाहीत. म्हणून निकालाच्याच दिवशी नक्कल अर्ज द्या. घरचं माणूस शिक्षा होऊन तुरुंगात असेल तर निकालाची प्रत त्याला मोफत आणि वेळेत मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितलंय.

वकिलांशी बोलताना भांडणाचा सूर नको. "काय चाललंय आमच्या केसचं?" याऐवजी "साहेब, निशाणी 34 वर आपलं म्हणणं दिलं का?" असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. दूरध्वनी 15100. जाताना सीएनआर क्रमांक, ओळखपत्र आणि रोजनाम्याच्या शेवटच्या चार-पाच नोंदींची छापील प्रत न्या, म्हणजे नव्या वकिलांना दावा कुठे अडलाय ते पहिल्या भेटीतच दिसेल.