नेटवर्किंगमध्ये करिअर करायचंय? आधी या चुका टाळा

निकाल लागले की पुण्यात डेक्कनपासून कर्वे रोडपर्यंत ‘१०० टक्के प्लेसमेंट’चे बोर्ड दिसायला लागतात. पालक आत जातात आणि पहिला प्रश्न फीचा विचारतात. पहिला प्रश्न लॅबचा हवा. हात लावायला खरे स्विच-राउटर आहेत का? रॅक आहे का? केबलला कनेक्टर स्वतः क्रिम्प करायला, म्हणजे दाबून बसवायला, मिळतो का? सगळं सिम्युलेटरवरच शिकवणार असतील तर सिस्को या नेटवर्किंग कंपनीचा पॅकेट ट्रेसर हा सिम्युलेटर घरबसल्या फुकट मिळतो, आणि सीसीएनए या सिस्कोच्या सर्टिफिकेट परीक्षेच्या बऱ्याचशा सरावाला तो पुरतो. त्यासाठी वेगळे हजारो रुपये मोजायची गरज नाही.

आयटीआयकडे वळणाऱ्यांचा घोळ वेगळाच असतो. ‘कॉम्प्युटरचा ट्रेड’ एवढंच ऐकून मुलं कोपाला नाव घालतात आणि मग नेटवर्किंग कधी सुरू होणार म्हणून वाट बघत बसतात. कोपा हा मुख्यतः कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंगचा ट्रेड. हार्डवेअर-नेटवर्किंगचा ट्रेड वेगळा असतो. फॉर्मवर पर्याय भरण्याआधी ट्रेडचं पूर्ण नाव वाचा, अभ्यासक्रम मागून घ्या. पदवी झालेल्यांसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेचे सहा महिन्यांचे पूर्णवेळ पीजी डिप्लोमा आहेत, पण त्यांना सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ऐनवेळी चौकशी करून ते जमत नाही.

आता बायोडेटा. क्लास पूर्ण केला म्हणजे ‘सीसीएनए’ झालं, असं नाही. परीक्षा पास झालात तरच तसं लिहा, नाहीतर ‘प्रशिक्षण घेतले’ म्हणा. सर्टिफिकेट खरं की खोटं ते ऑनलाइन तपासता येतं आणि मुलाखत घेणारे ते तपासतातही. परीक्षेची फी ३०० डॉलर आणि वर कर, सर्टिफिकेटची मुदत ३ वर्षं. म्हणून डम्प (परीक्षेतून फुटलेले प्रश्न) पाठ करून घाईघाईने देणं मला शुद्ध उधळपट्टी वाटते. शिवाय तसं पकडलं गेलं तर सिस्को सर्टिफिकेट रद्द करू शकते. परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, हेही सराव करताना लक्षात ठेवा.

मुलाखतीत खरी परीक्षा होते ती ‘नेट चालत नाही’ या एका वाक्यावर. बहुतेक मुलं लगेच ओएसआय या नेटवर्क मॉडेलचे सात थर म्हणायला लागतात. समोरच्याला तपासण्याचा क्रम ऐकायचा असतो. केबल लागली आहे का, पोर्टचा दिवा पेटतोय का, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कोणता मिळालाय? आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता आलेलाच नाही, पुढे गूगल पिंग करत (उत्तर येतं का ते बघत) बसण्यात अर्थ नाही. पत्ता बरोबर असेल तर आधी गेटवे (बाहेर जायचा राउटर) पिंग करा, मग इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता ८.८.८.८. हे दोन्ही चालतंय आणि साइट मात्र नावाने उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस बघा. एवढं शांतपणे सांगणारा मुलगा इंग्रजीत अडखळला तरी पुढच्या राउंडला जातो.

क्रिम्पिंगमधली एक चूक फार फसवी आहे. नवशिका केबलमधल्या तारांच्या पिळलेल्या जोड्या जशा दिसतात तशाच ओळीने लावतो: ऑरेंज, ग्रीन, ब्लू, ब्राउन. दोन्ही टोकांना सारखंच लावलं की स्वस्तातल्या टेस्टरवर १ ते ८ दिवे ओळीने पेटतात, मुलगा खूश. पण ३ आणि ६ नंबरच्या पिना एकाच पिळातल्या तारांना जायला हव्यात. त्या वेगवेगळ्या जोड्यांत गेल्या की क्रॉसटॉक होतो (एका जोडीचा सिग्नल दुसरीत घुसतो), स्पीड पडतो, लांब केबलवर तर लिंकच येत-जात राहते. टेस्टर म्हणतो ठीक आहे, गिऱ्हाईक म्हणतं नेट रडतंय. बरोबर क्रम असा: व्हाइट-ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट-ग्रीन, ब्लू, व्हाइट-ब्लू, ग्रीन, व्हाइट-ब्राउन, ब्राउन. आणि तापकीर गल्लीत केबल घेताना तार शुद्ध तांब्याची आहे का ते विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिच्यावर पीओईचे, म्हणजे केबलमधूनच वीज घेणारे, कॅमेरे चालवले की त्रास ठरलेला.

कामावर लागल्यावरची सगळ्यात महागडी चूक म्हणजे चालू ट्रंकवर (अनेक व्हीलॅन, म्हणजे आभासी नेटवर्क, एकत्र नेणाऱ्या लिंकवर) ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ टाइप करणं. ‘३०’च्या आधी ‘ॲड’ राहिला की आधीचे व्हीलॅन १०, २० सगळे यादीतून उडतात आणि मजलाच्या मजला बंद पडतो. तुम्ही दुरून त्याच लिंकवरून लॉगिन असाल तर तुमचंही सेशन गेलं. म्हणून दूरच्या स्विचवर जोखमीचा बदल करण्याआधी आधीचं कॉन्फिगरेशन सेव्ह करून ‘रीलोड इन १०’ द्यावं. गडबड झाली तर दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. सगळं नीट चाललं तर ‘रीलोड कॅन्सल’, आणि मगच सेव्ह.

पहिली नोकरी बहुधा एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात) एल-वनची, म्हणजे पहिल्या पातळीची, मिळते, हिंजवडी किंवा खराडीत, पाळ्यांची. रात्रपाळी नको म्हणून ती सोडून देणाऱ्यांनी घाई करू नये. अलार्म, तिकीट (तक्रारीची नोंद), एस्कलेशन (वरच्या पातळीकडे सोपवणं) हे तिथेच अंगवळणी पडतं, आणि रात्री काम कमी असेल तर लिनक्स-पायथॉनचा सराव करता येतो. मात्र ऑफर लेटरवर नाव मूळ कंपनीचं आहे की कंत्राटदाराचं, पीएफ कोण भरणार, रात्री कॅब मिळणार का, हे सही करण्याआधी विचारा. आणि ‘बॅकडोअर जॉइनिंग’साठी, म्हणजे मागच्या दाराने नोकरी लावून देण्यासाठी, कुणी डिपॉझिट मागितलं तर एक रुपयाही देऊ नका.