परागकणातलं फिकट केंद्रक चुकवू नका

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, ‘परागकणात केंद्रक एकच’. दुसरं तिथेच होतं, मोठं पण फिकट. म्हणून नवख्यांना सांगते, गडद ठिपका सापडला की थांबू नका.

कांद्याचा गोंडा घ्या. कोवळ्या कळीपासून उमललेल्या फुलापर्यंत सगळी वयं एकाच गोंड्यात मिळतात. कळ्या 3 भाग अल्कोहोल आणि 1 भाग ग्लेशियल (जवळजवळ निर्जल) अ‍ॅसिटिक आम्लात 24 तास ठेवा, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये. आम्ल हाताळताना हातमोजे हवेतच.

कळ्या लांबीप्रमाणे ओळीने मांडा. एकेक परागकोश अ‍ॅसिटोकार्मिन या लाल रंजकाच्या थेंबात लोखंडी सुईने फोडा; लोहामुळे रंग चांगला चढतो. कोशाची सालं आठवणीने काढा, नाहीतर कव्हरस्लिप सपाट बसत नाही. स्लाइड किंचित ऊबवा, उकळू देऊ नका. टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाबा, कव्हरस्लिप सरकता कामा नये.

सगळ्यात लहान कळ्यांत परागमातृपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून परागकण बनतात त्या पेशी, दिसतील. त्यांच्या मोठ्या केंद्रकात आधी धाग्यांचा गुंता असतो, पुढे गुणसूत्रांच्या 8 जोड्या सुट्या मोजता येतात. मिऑसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) संपला की चारचारांचे गट. त्यातून सुटलेल्या लघुबीजाणूत, म्हणजे कोवळ्या एकपेशीय परागकणात, केंद्रक मधोमध असतं; मग रिक्तिका फुगते आणि त्याला भिंतीशी ढकलते.

तिथेच ते विभागतं, आणि मला सगळ्यात आवडणारी अवस्था येते. दोन्ही केंद्रकं एकाच विभाजनातून आलेली, गुणसूत्रं तीच, तरी पुढे शुक्रपेशी देणाऱ्या जननपेशीचं केंद्रक लहान, घट्ट आणि गडद. वर्धी पेशीचं मोठं, सैल आणि फिकट. फिकट म्हणजे मरायला टेकलेलं समजू नका. त्यातलं क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांचे धागे) उलगडलेलं असतं, म्हणून रंग पसरतो. परागनलिका वाढवायचं काम याच पेशीचं. जननपेशी आधी भिंतीला चिकटलेली असते, नंतर आत सरकून लांबट होते.

कांद्याच्या पिकलेल्या कणात तिसरं केंद्रक शोधू नका. जननपेशी दोन शुक्रपेशींत विभागते ती परागनलिकेत गेल्यावर. गहू, मका, मोहरीत मात्र हे परागकण बाहेर पडण्याआधीच उरकतं.

पिकलेल्या कणाच्या जाड भिंतीमुळे कार्मिनने नीट दिसत नाही. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर डॅपी हा डीएनएला चिकटून चमकणारा रंजक वापरा. गडद केंद्रक तिथे लख्ख निळं चमकतं, फिकट मंद.

प्रत्येक चित्राशेजारी कळीची लांबी मिलिमीटरमध्ये लिहा. पुढच्या गोंड्यात हवी ती अवस्था त्यावरूनच लवकर सापडते.