पसरणी घाट सायकलवर, दोघांनी कसा करायचा

वाईतून सहाच्या आत निघा, उशीर झाला की महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि मग घाटात धूर खात चढावं लागतं. पाचगणीपर्यंत साधारण १२ किमी सलग चढ आहे, त्यामुळे पहिल्याच वळणापासून हलका गिअर टाका, बोलता येईल एवढाच दम लागला पाहिजे.

आणि मित्राच्या चाकाला चाक लावून चढायचा हट्ट नको!! ज्याचा त्याचा स्पीड, भेटायची जागा आधीच ठरवा, धोम धरणाचं पाणी दिसतं तिथे थांबलं तरी चालतं. पंप, दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) दोघांत एकच सेट पुरतो पण पाणी मात्र आपापलं. केळी, चिक्की खिशात, भूक लागायच्या आधीच खायची.

खरी परीक्षा उतारात. ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मारून स्पीड कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचे, वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पेडल खाली. कडेला बारीक खडी असते. दोघांत चांगलं अंतर ठेवा आणि आंधळ्या वळणावर एसटी अख्खा रस्ता घेऊन येणार असंच धरून चाला.